ठिपक्यांच्या आतले ठिपके

सेंदाईला आम्ही पोचलो तेव्हा मार्च संपत आला होता आणि रस्त्यांच्या कडेला मळकं बर्फ अजून साचलेलं होतं. नव्वदीची मधली वर्षं. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात धातूंवरच्या संशोधनाचं काम मिळालं होतं, आणि मी पुण्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर गेले. नोकरी एका ऑफसेट छापखान्यात रंग तपासायची होती. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, साडीच्या दुकानांची पोस्टरं. मशीनवरून पहिला कागद निघाला की ओला ओलाच माझ्या टेबलावर यायचा. मी त्यावर भिंग ठेवून वाकायची आणि सांगायची, किरमिजी जास्त झालाय, निळा केसभर सरकलाय. मशीनवाले कुरकुरायचे, पण ऐकायचे. सात वर्षं हेच केलं होतं.

सेंदाईत माझं ऐकायला कुणी नव्हतं. नवरा सकाळी सायकलवरून प्रयोगशाळेत जायचा तो रात्रीच्या जेवणालाच उगवायचा. तो माणूस वाईट नाही. आल्यावर विचारायचा, "काय केलंस आज?" पण उत्तर येईपर्यंत त्याचे डोळे मिटायला लागायचे. एके दिवशी मी दिवसभरात किती शब्द बोलले ते मोजलं. नऊ. त्यातले बहुतेक सुपरमार्केटमधल्या बाईला म्हटलेले धन्यवाद आणि माफ करा. आठवड्यातून दोनदा नागरी भवनात जपानी शिकवायचे, तिथे जाऊन मी "हे पेन आहे" वगैरे म्हणून यायची. एकदा चुकीच्या दिवशी कचऱ्याची पिशवी ठेवली तर शेजारच्या बाई ती परत दाराशी आणून ठेवून, वाकून, हसून गेल्या. त्या हसण्याने मला दोन दिवस घराबाहेर पडवलं नाही.

जूनमध्ये एकदा वर्गाहून परतताना मी रोजचा रस्ता सोडून एका गल्लीत सायकल घातली. तिथे एका दुकानाबाहेर भिंतीला टेकवून इनॅमलची मोठी पाटी ठेवली होती. आपल्याकडे पूर्वी इनॅमलचे मग आणि टमरेलं असायची, तसलाच तो चकचकीत मुलामा. पाटीवर बॅट उगारलेला एक तरुण आणि त्याच्या डोक्यावर सरबताची बाटली. आत सगळं दुकान तसल्याच वस्तूंनी भरलेलं होतं. जुन्या जाहिराती, आणि बहुतेक बेसबॉलच्या. पोस्टरं, कागदी पंखे, काडेपेट्या, सिगारेटच्या पाकिटांतली चित्रं. दंतमंजन विकणारे खेळाडू, पोटाचं औषध विकणारे खेळाडू, बूटपॉलिश विकणारे खेळाडू.

दुकानदार सत्तरीच्या पुढचे होते. बारीक, ताठ, अंगात तपकिरी स्वेटरचं जाकीट. मी आत गेल्यावर ते "या" म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र नाकाशी धरून बसले. मी एका पोस्टरसमोर थांबले आणि सवयीने पर्समधून भिंग काढलं. छापखान्यातल्यांनी निरोपाच्या वेळी दिलेलं, घडीचं, पितळेचं. कागदाला न लावता वरूनच पाहिलं. मागे वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"ओकुसान," ते म्हणाले. कुणाच्याही बायकोला तिथे असंच म्हणतात. "काय बघता?"

माझं जपानी तेव्हा तोडकंमोडकं होतं. मी म्हटलं, "ठिपके. मशीनचे ठिपके. हे पोस्टर जुनं नाही."

ते उठून जवळ आले. पोस्टर बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "हे पोस्टर विकायला नाही. कुणाला किती कळतं ते बघायला ठेवलंय. पाच वर्षांत तुम्ही तिसऱ्या." मग त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा घसा दुखत होता. इतकं बोलायची सवय गेली होती.

मग मी वर्गाच्या दोन्ही दिवशी दुकानात जायला लागले, आणि पुढेपुढे वर्ग नसला तरी. त्यांना मी काय म्हणावं हा प्रश्न होता. सेनसेई, म्हणजे गुरुजी, म्हटलं तर ते हात हलवून नको म्हणाले. शेवटी ओजीसान, म्हणजे आजोबा, यावर जमलं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. एक मुलगी तोक्योत असायची. दुकानात दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकं, तीही निम्मी नुसती बघणारी.

त्यांनी मला इनॅमल शिकवलं. खऱ्या पाटीवर प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला असतो, म्हणून नख फिरवलं की अक्षराच्या कडेला पायरी लागते. नकली पाटीवर नख सरळ घसरतं. मुलामा उडाला असेल तर आधी खालचा काळपट थर दिसतो, मग लोखंड. गंजाचंही तसंच. जुना गंज घट्ट बसलेला असतो, काळसर. मिठाचं पाणी शिंपडून आणलेला गंज नारिंगी असतो आणि ओल्या बोटाला लागतो. "आणि हे बघा," ते म्हणायचे, "नकली करणारा हातोडी मारतो, पण चेहऱ्यावर कधी मारत नाही. त्याला पाटी सुंदर दिसायला हवी असते. ज्या पोरांनी खरे दगड मारले ते नेम धरून चेहऱ्यावरच मारायचे."

बेसबॉल मला तोपर्यंत ठाऊकच नव्हता. मी मनातल्या मनात सगळं क्रिकेटच्या हिशेबाने बघायची आणि विचारायची की हा खेळाडू बॅट खांद्यावर का घेतो, त्याच्या मागे यष्टी का नाहीत. ते हसून हसून बेजार व्हायचे. पण त्यांनी शिकवलं की जुन्या चित्रात चेंडू झेलायचा हातमोजा लहान असतो, जवळजवळ थंडीतल्या हातमोज्याएवढा, बोटं सुटी. नंतरच्या काळात तो मोठा, सुपासारखा झाला. युद्धाआधीची म्हणून विकायला आणलेली एक पाटी त्यांनी तेवढ्यावरून परत पाठवली होती. चित्रकाराने नकळत आपल्या काळातला हातमोजा काढला होता.

एकदा एका कागदी पंख्यावरचा मजकूर मी घडाघडा वाचला. विद्यार्थ्यांच्या सामन्यांची काहीतरी ओळ होती. मी खूश झाले, कारण वर्गातल्या पुस्तकाबाहेरचं काही मला पहिल्यांदाच वाचता आलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला वाचता आलं, हीच शंका घ्यायची जागा." युद्धानंतर बरीच अक्षरं सोपी केली गेली, आणि मी शिकत होते ती ही सोपी अक्षरं. युद्धाआधीच्या छापील पंख्यावर 'विद्या' या अर्थाचं अक्षर कितीतरी गुंतागुंतीचं असायला हवं होतं. मग लगेच बोट वर करून म्हणाले, "पण हाताने लिहिणारे आधीही सोपं लिहायचे. म्हणजे नुसत्या अक्षरावर निकाल द्यायचा नाही. तुमचं भिंग काढा."

माझं ज्ञान भिंगातलं होतं. जुन्या काळी चित्र दगडावर किंवा पत्र्यावर हाताने काढून छापायचे. गालाची सावली हवी असेल तर कारागीर बसून एक एक ठिपका टिंबटिंब करत काढायचा. ते ठिपके कधीच सारखे नसतात. एखादा लांबट, एखादा दुसऱ्याला चिकटलेला. नंतर कॅमेरा आला आणि चार रंगांच्या ठिपक्यांच्या सरळ रांगा आल्या. भिंगातून त्या छोट्या छोट्या फुलांसारख्या दिसतात, इथून तिथून एकसारख्या. जुन्या चित्राचा फोटो काढून नवं पोस्टर छापलं तर कारागिराचा तो वेडावाकडा ठिपका तर दिसतो, पण त्याच्या आत मशीनची बारीक फुलं भरलेली असतात. ठिपक्यांच्या आत ठिपके. हे मी त्यांना हातवारे करून समजावलं. ते म्हणाले, "मला आता ठिपकेच दिसत नाहीत."

तेव्हा मला कळलं. वर्तमानपत्र नाकाशी धरायचं कारण मोतीबिंदू होता, आणि त्यांनी तो कुणाला सांगितलेला नव्हता. त्यानंतर माल आला की ते माझी वाट बघायचे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "या ओकुसान माझे डोळे आहेत." मी आत चहा ओतत असले तरी मला ते ऐकू यायचं. मुद्दाम ऐकू येईल अशा बेताने मी उभी राहायची, हेही खरं.

दुकानाच्या आतल्या खोलीत, गल्ल्याच्या वर, एक पोस्टर फ्रेममध्ये होतं. पोटाच्या औषधाची जाहिरात. टोपी मागे सरकवलेला एक शाळकरी खेळाडू धुळीत बसून हसतोय. त्याचा दात किंचित पुढे. हेही विकायला नव्हतं. त्याची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. दुकान सुरू केलं त्या वर्षी नवरा-बायको दोघं डोंगराकडच्या एका गावात बंद पडणाऱ्या औषधाच्या दुकानात गेले होते. तिथल्या गठ्ठ्यातून हे पोस्टर बायकोने शोधून काढलं. ते स्वतः शेजारीच उभे होते, पण त्यांना दिसलं नव्हतं. "तिची नजर चांगली होती," असं म्हणून गोष्ट संपायची. त्या पोस्टरला भिंग लावायचं माझ्या कधी मनात आलं नाही. त्यांच्याही नाही.

ऑक्टोबरात त्या भागातल्या दुकानदारांच्या मंडळाने नागरी भवनात जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन ठरवलं. हसणाऱ्या खेळाडूचं पोस्टर मधोमध लावायचं, खाली 'युद्धपूर्व काळ' अशी चिठ्ठी. मंडळाच्या लोकांनी विचारलं की खात्री आहे ना. ओजीसान म्हणाले, खात्रीच आहे, पण आमच्याकडे तपासनीस आहे. आणि मला म्हणाले, "एकदा बघून द्या. रीत म्हणून."

त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि पोस्टर टेबलावर पसरलं. मग चहा करायला पाठ फिरवली. मी वाकले. खेळाडूचा गाल भिंगाखाली आला. कारागिराचे ठिपके होते, सुंदर, लहानमोठे. आणि प्रत्येकाच्या आत फुलं होती.

मी गाल सोडून टोपी बघितली. टोपी सोडून औषधाची बाटली. सगळीकडे तेच. शेवटी नुसत्या डोळ्यांनी कडा बघितल्या. वरची कड मशीनने कापलेली, सरळ. खालची कड हाताने कात्रीने कापलेली, किंचित लाटेसारखी, आणि खालचा पांढरा भाग वरच्यापेक्षा कमी.

"काय दिसतंय?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. किटलीवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"हाताने काढलेले ठिपके," मी म्हटलं. यात एक शब्दही खोटा नव्हता. मग पुढचंही म्हटलं. "खरं आहे."

त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "तिची नजर चांगली होती," ते म्हणाले.

मी असं का केलं याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे आहेच. पण मला भीती वाटली होती. त्या गावात मला काही विचारणारा हा एकच माणूस होता, आणि याच्या बायकोची आठवण मी मोडली तर उद्या मी कुठे जायचं? घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो ताटातलं संपवत म्हणाला, "अगं, एक पोस्टर तर आहे. कोण भिंग लावून बघणार?"

भिंग कुणालाच लावावं लागलं नाही. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी, बरीच माणसं आलेली असताना, एक काठी टेकत आलेले म्हातारे गृहस्थ त्या पोस्टरसमोर थांबले आणि मोठ्याने हसले. "अरे! हे कुणी जपून ठेवलंय?"

ओजीसान पुढे झाले. वाकून म्हणाले, "मी."

"हे आम्ही छापलं होतं हो! मी मशीनवर होतो. औषधाच्या कंपनीचा वर्धापनदिन होता, त्यांना जुनं पोस्टर पुन्हा छापून सगळ्या दुकानांना वाटायचं होतं. लाल रंग लागेना म्हणून आम्ही तीनदा प्लेट बदलली." ते अगदी आनंदाने सांगत होते. मग चष्मा वर करून खाली वाकले. "इथे ओळ होती. वर्धापनदिनानिमित्त पुनर्मुद्रण, अशी. ती कुठे गेली?"

आजूबाजूच्या माणसांच्या नजरा खालच्या चिठ्ठीकडे गेल्या. ओजीसान म्हणाले, "कापली गेली असेल." मग पुन्हा वाकले, या वेळी अधिक खाली. "तुम्ही फार छान छापलंत. मला इतकी वर्षं कळलं नाही."

गृहस्थ खूश होऊन पुढे गेले. ओजीसाननी खालची चिठ्ठी काढून खिशात घातली. मग मंडळाच्या लोकांकडे जाऊन प्रत्येकाची माफी मागितली. प्रत्येकाची, एकेकट्याला गाठून. मी भिंतीशी उभी होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. निदान मला तसं वाटलं; तसंही त्यांना तेवढ्या अंतरावरचं माणूस ओळखू येतच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पोस्टर गुंडाळून दुकानात आणलं. दिवा लावल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्हाला दुःख झालं असतं."

त्यांनी पोस्टर टेबलावर उलगडलं. मग पोस्टरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही फ्रेम आमच्याकडे आधीपासून होती. पोस्टर त्यात मावत नव्हतं. तिने कापलं. मी समोर बसून जेवत होतो." बोट कडेवर थांबलं. "खाली काय लिहिलं होतं ते तिला वाचता येत होतं. मला तेव्हा चांगलं दिसायचं, पण मी जेवत होतो."

"त्यांनी बघितलंच नसेल," मी म्हटलं. "माणूस कापताना रेघ बघतो, अक्षरं नाही."

"असेल." ते खुर्चीत बसले. "किंवा तिने बघितलं, आणि मी घरभर नाचत होतो म्हणून बोलली नाही. आता विचारता येत नाही." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुम्ही दोघींनी मिळून मला लहान मूल केलंत, ओकुसान. मी डोळे मागितले होते."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती मान हलवणं म्हणजे माफ करणं नव्हतं, निरोप होता. मी सायकल घेऊन निघाले.

त्यानंतर पाच आठवडे मी त्या गल्लीत गेले नाही. वर्गाला जाताना लांबचा रस्ता धरायची. पानं गळून गेली, थंडी पडली. दिवसभर घरात मी हीटरजवळ बसून राहायची. आईला पत्र लिहायला घ्यायची आणि इथे सगळं छान आहे या वाक्यानंतर पेन थांबायचं. नवऱ्याने एकदा विचारलं, "हल्ली दुकानात जात नाहीस का?" मी म्हटलं, थंडी आहे. तो म्हणाला, हो, आहे खरी. मला फार वाटत होतं की त्याने आणखी एक प्रश्न विचारावा.

डिसेंबरात पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी मी गेले. बोलायला काही ठरवलं नव्हतं. दार सरकवलं. ते नेहमीच्या जागी होते. "या," म्हणाले, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मी जवळ जाईपर्यंत त्यांना मी कोण ते कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "दुकानातली प्रत्येक वस्तू मी बघते. जे दिसेल ते सांगते. सगळं."

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "माझी आवडती पाटीसुद्धा?"

"तीसुद्धा."

"तुमचा आवडता पंखासुद्धा?"

"हो."

त्यांनी गल्ल्यातून वही काढली आणि पेन्सिलीला टोक केलं.

सगळा हिवाळा त्यात गेला. वरच्या फळीपासून सुरुवात केली. मी भिंगातून बघून सांगायची, ते नख फिरवून, वास घेऊन, कागद कानाशी हलवून आपलं मत द्यायचे, आणि दोन्ही मतं वहीत जायची. कधी पटायचं नाही. एका सिगारेटच्या चित्रावरून आम्ही दोन दिवस वाद घातला आणि शेवटी 'माहीत नाही' असं लिहिलं. "हे लिहायला मी या वयात शिकलो," ते म्हणाले. नकली निघालेल्या वस्तूवर ते छोटी चिठ्ठी चिकटवायचे, 'प्रतिकृती'. चिठ्ठ्या बऱ्याच झाल्या. माझा आवडता पंखा त्यात गेला, आणि त्यांची सरबताची पाटी खरी ठरली, जिच्याबद्दल त्यांनाच शंका होती. मधूनच ते वाफाळता चहा आणि कोवळ्या सोयाबीनची हिरवी चटणी माखलेले तांदळाचे गोळे पुढे ठेवायचे. पहिल्यांदा मला ती गोड चटणी चमत्कारिक वाटली होती. फेब्रुवारीपर्यंत मी दोन-दोन संपवायला लागले होते.

पण पूर्वीसारखं काही राहिलं नव्हतं. 'या माझे डोळे आहेत', असं त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. मी एखादी वस्तू खरी म्हटली की ते क्षणभर थांबायचे. तो क्षण फार छोटा असायचा. पण मी सात वर्षं केसभर सरकलेले रंग बघितले होते, मला तो दिसायचा.

शेवटच्या दिवशी तपासायला फक्त हसणारा खेळाडू उरला. तो पुन्हा फ्रेममध्ये, गल्ल्याच्या वर गेला होता. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला.

"याला?"

"याला चिठ्ठी होती," ते म्हणाले. "तिने काढली. मी परत लावणार नाही." आणि वही मिटली.

एप्रिलमध्ये त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. मुलगी तोक्योहून आली होती, त्यामुळे माझी काही गरज पडली नाही. पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि गल्लीच्या टोकाच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. मला बघून थांबले. नीट निरखून बघितलं.

"तुम्ही माझ्या अंदाजापेक्षा तरुण आहात," ते म्हणाले. "आणि दमलेल्या दिसता."

मला हसू आलं. वर्षभरात मला असं कुणी बघून सांगितलं नव्हतं.

नंतर ते स्वतःच सगळं तपासायला लागले. त्यांनी कुठूनसं एक भिंग आणलं होतं, माझ्यापेक्षा मोठं. मी गेले की ते चहा करायचे, नवीन काय आलंय ते दाखवायचे, पण विचारायचे नाहीत. मला वाईट वाटायचं आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळायचं. हळूहळू आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून एकदा, असं माझं जाणं कमी झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नवऱ्याला तोक्योत कॉम्प्युटरवरचं काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी सांगायला गेले. दुकानात एक जोडपं पाट्या बघत होतं, त्यामुळे ते मोकळे नव्हते. आम्ही दारातच दोन मिनिटं बोललो. त्यांनी विचारलं की तोक्योत घर कितव्या मजल्यावर आहे. मी म्हटलं, चौथ्या. ते म्हणाले, भूकंपात जिन्याने उतरायचं, लिफ्टने नाही. मी हो म्हटलं. मग दोघांनीही वाकून नमस्कार केला, आणि आतल्या बाईंनी काहीतरी विचारलं म्हणून ते वळले.

तोक्योच्या एदोगावा भागात आमच्या इमारतीत दोन मराठी कुटुंबं होती. पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची एक जण पोह्यांचा डबा घेऊन आली. खोकी उघडायला मदत केली, गॅस कुणाकडून जोडून घ्यायचा ते सांगितलं. मग पाय पसरून बसत म्हणाली, "सेंदाईत तर आपलं कुणीच नसेल. दिवस कसे काढलेस गं एकटीने?"

मी सांगायला सुरुवात केली. बेसबॉल, जुन्या जाहिराती, इनॅमल. तिने मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला त्याचा काही अर्थ लागत नाहीये. बाहेर कुणाचं तरी मूल जपानीत आईला हाका मारत होतं.

"एक दुकान होतं," मी म्हटलं. "तिथे जायची."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खोक्यातल्या वाट्या मोजून ओट्यावर लावायला लागली.